डॅशबोर्डवर टाइप करायला जावं तर ओळच पळते

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीचे सचिव आहात. सभासदांच्या तक्रारी, कंत्राटदारांशी झालेलं बोलणं, कमिटीपुढे यायचे विषय हे सगळं तुम्ही टिडलीविकीत (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नोंदवहीत) ठेवता, एका विषयाला एक नोट. आता तुम्हाला एकच पान, म्हणजे डॅशबोर्ड, हवंय. त्यावर सगळ्या उघड्या तक्रारी तक्त्यात दिसाव्यात आणि नोट न उघडता तिथल्या तिथे स्थिती, तारीख, शेरा बदलता यावा. तसा तक्ता तुम्ही केलाही. सर्वांत जास्त दिवस हात न लागलेली तक्रार वर, असा क्रम लावलात. पण शेऱ्याच्या चौकटीत पहिलं अक्षर टाइप केलं की ओळ थेट तळाला जाते आणि कर्सर हरवतो. दुसरा तक्ता शेरा न लिहिलेल्या तक्रारींचा. तिथे तर पहिल्या अक्षराला ओळच गायब. खजिनदार म्हणतात, सोडा हे, एक्सेल घ्या.

खजिनदारांकडे नंतर येते. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या लहान वर्कशॉपच्या, दवाखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या नोंदी लावून देण्याचं काम करते, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक नव्या डॅशबोर्डला येतो. विकी बिघडलेली नाही. तुम्ही सांगितलंय तेच ती करतेय, फक्त दर अक्षराला करतेय.

डॅशबोर्डच्या पानात स्वतःचं असं काही साठत नाही, हे आधी पक्कं करू. ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरवर वाशी लोकलची वेळ दिसते, पण वेळापत्रक काही इंडिकेटरमध्ये राहत नाही. (योगायोग बघा: जेरेमी रस्टन यांची टिडलीविकी आणि ठाणे-वाशी लोकल, दोन्ही २००४ सालच्या.) तुमच्या पानावर असतो एक लिस्ट विजेट, म्हणजे यादी आखणारा तयार भाग. तो फिल्टर, म्हणजे नोटा निवडायची अट, चालवतो, जुळणाऱ्या नोटा गोळा करतो आणि एकेक नोट 'चालू टिडलर' (टिडलर म्हणजे नोटच) म्हणून पुढे करत ओळी आखतो. ओळीतला एडिट-टेक्स्ट विजेट, म्हणजे टाइप करायची चौकट, त्या चालू टिडलरच्या एका फील्डला (नोटेतल्या नाव दिलेल्या रकान्याला) बांधलेला असतो. तुम्ही एक अक्षर दाबलंत की ते त्याच क्षणी मूळ नोटेत लिहिलं जातं, नोटेची 'मॉडिफाइड' (शेवटच्या बदलाची) वेळ बदलते आणि पानावरचे फिल्टर पुन्हा तपासले जातात.

आता तुमचा क्रम आठवा: ज्याला सर्वांत जास्त दिवस हात लागला नाही ते वर. तुम्ही 'प' टाइप केलात आणि ती नोट सगळ्यांत ताजी झाली. नियमाप्रमाणे तिची जागा तळाला. लिस्ट विजेट वरची ओळ काढून टाकतो आणि खाली नव्याने बांधतो. जुन्या चौकटीतला कर्सर त्या चौकटीबरोबरच जातो. उलटा क्रम लावलात, म्हणजे ताजं वर, तर ओळ वर उडी मारते. तिथे कर्सर बहुधा टिकतो, पण नजर ओळ शोधत फिरते. दुसऱ्या तक्त्याचं कारणही हेच. 'शेरा रिकामा' ही अट होती आणि शेरा आता रिकामा राहिला नाही.

यावरून मी एक नियम पाळते: ज्या चौकटीत अक्षर-अक्षर टाइप करायचं, त्या फील्डवर तक्त्याचा क्रम किंवा अट टेकवायची नाही. 'मॉडिफाइड' हे तर प्रत्येकच चौकटीने हलणारं फील्ड, म्हणून संपादन होणाऱ्या तक्त्यात त्यावर क्रम कधीच नको. क्रम 'क्रिएटेड'वर (नोट तयार झाल्याच्या वेळेवर) लावा, शीर्षकावर लावा किंवा 'पुढची तारीख' असं स्वतःचं फील्ड करून त्यावर लावा. अट मात्र स्थितीवर चालेल, कारण स्थिती टाइप करायची नसते, निवडायची असते. सिलेक्ट विजेटमधून (पर्यायांच्या यादीतून) 'बंद' निवडलंत आणि ओळ तक्त्यातून गेली, तर ते तुम्हाला हवंच आहे.

स्थिती टाइप करू देऊ नका, हे मी वेगळं सांगते, कारण यात फक्त कर्सरचा प्रश्न नाही. मोकळी चौकट दिली की थोड्याच दिवसांत 'बंद', 'बंद झाली', 'झालं', 'क्लोज' आणि शेवटी एक मोकळी जागा जास्त पडलेलं 'बंद ' असे सगळे प्रकार तयार होतात आणि फिल्टर त्यातलं एकच ओळखतो. चार-पाच पर्याय पुरतात: नवी, कंत्राटदाराकडे, कमिटीपुढे, बंद. हे पर्यायही एका वेगळ्या नोटेत यादी म्हणून ठेवा आणि सिलेक्टला तिथून वाचू द्या. उद्या 'सिडकोकडे' असा पर्याय वाढवायचा झाला तर तक्त्याला हात लावावा लागत नाही.

मग शेरा? 'शेरा रिकामा' हा तक्ता तुम्हाला खरंच हवा असेल तर दोन टप्प्यांत लिहा. चौकट नोटेच्या फील्डला न बांधता एका तात्पुरत्या टिडलरला बांधायची. त्याचं नाव डॉलर-कोलन-तिरकी रेघ-टेम्प-तिरकी रेघ या उपसर्गाने सुरू करायचं आणि पुढे मूळ नोटेचं शीर्षक जोडायचं. शेजारी 'नोंदवा' असं बटण. ते दाबलं की ॲक्शन-सेटफील्ड हा विजेट तो मजकूर मूळ नोटेत टाकतो आणि ॲक्शन-डिलीटटिडलर तात्पुरता टिडलर पुसतो. टेम्प उपसर्गाचे टिडलर विकी सेव्ह होताना फाइलमध्ये जात नाहीत, त्यामुळे अर्धवट शेऱ्यांचा कचरा साठत नाही. तसंच, ब्राउझर मध्येच बंद झाला तर अर्धवट शेराही जातो, हेही लक्षात असू द्या. सेटफील्डला टाइमस्टॅम्प नको असं सांगता येतं. मग शेऱ्याने 'मॉडिफाइड' बदलत नाही.

ही पद्धत मला एरवीही आवडते. बटण दाबेपर्यंत माणूस वाक्य पुरं करतो.

आता तक्ता प्रत्यक्ष बांधताना लागणाऱ्या ठेचा. टिडलीविकीच्या उभ्या रेघांच्या तक्त्यात लिस्ट विजेट घालून ओळी निघत नाहीत. त्यासाठी एचटीएमएलचा टेबल टॅग लिहायचा, लिस्ट विजेट त्याच्या आत, आणि ओळीचा टॅग लिस्ट विजेटच्या आत. सुरुवातीच्या टॅगनंतर रिकामी ओळ सोडली की विकी आतला मजकूर परिच्छेद म्हणून वाचते. तक्ता विस्कटलेला दिसला तर आधी तेच तपासा.

दुसरी ठेच जास्त वाईट, कारण ती लगेच दिसत नाही. लिस्ट विजेटला 'व्हेरिएबल' हा गुणधर्म दिलात तर चालू टिडलर बदलत नाही. नोटेचं नाव तुम्ही दिलेल्या व्हेरिएबलमध्ये जातं. मग आतल्या सगळ्या चौकटी डॅशबोर्डच्याच फील्डमध्ये लिहू लागतात. एका ओळीत 'प्लंबर' टाइप केलं आणि सगळ्या ओळींत 'प्लंबर' उमटलं, तर हेच झालंय समजा. एकतर व्हेरिएबल काढा, नाहीतर प्रत्येक चौकटीला टिडलर गुणधर्म स्पष्ट द्या.

तिसरी: एखादी नोट नेहमीच्या पद्धतीने संपादनासाठी उघडली की विकी तिचा ड्राफ्ट बनवते. त्या ड्राफ्टलाही तेच टॅग (नोटेला लावलेली वर्गवारीची लेबलं) असतात, म्हणून तक्त्यात एकच तक्रार दोनदा दिसते. फिल्टरमध्ये 'ड्राफ्ट डॉट ऑफ' हे फील्ड नसलेलेच घे, अशी अट जोडा. याहून महत्त्वाचं असं की ड्राफ्ट उघडा असताना तुम्ही डॅशबोर्डवरून तारीख बदललीत आणि नंतर ड्राफ्ट सेव्ह केलात, तर ड्राफ्टमधली जुनी तारीख परत येते, कारण ड्राफ्ट ही आधी काढलेली नक्कल असते. डॅशबोर्डवर बसण्याआधी उघडे ड्राफ्ट आवरून घ्यायची सवय लावा.

तारखांबद्दल जरा सावकाश सांगते, कारण सोसायटीच्या कामात खरी मजा आणि खरा ताप तारखांचाच. एडिट-टेक्स्टला 'डेट' हा प्रकार दिला की ब्राउझर कॅलेंडर दाखवतो आणि फील्डमध्ये वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने, मध्ये आडव्या रेघा देऊन तारीख लिहितो. हा क्रम सोयीचा आहे, कारण अक्षरांप्रमाणे लावलं तरी तारखा बरोबर लागतात. टिडलीविकीच्या स्वतःच्या तारखा वेगळ्या असतात: सतरा अंक सलग, तेही यूटीसी (ग्रीनिच) वेळेत. दोन्हींची सरमिसळ करू नका. आणि तारखेवर क्रम लावला असेल तर ती कॅलेंडरमधून निवडा. कीबोर्डवरून वर्ष टाइप करताना पहिल्याच अंकाला ब्राउझर तेवढंच वर्ष धरून नोंद करतो आणि ओळ पुन्हा पळते.

'मुदत उलटलेल्या' असा तक्ता तुम्हाला लागणारच. तिथे बहुतेक जण अडतात ते कंपेअर ऑपरेटरवर (ऑपरेटर म्हणजे फिल्टरमधली एक कृती). तो हाती आलेल्या शीर्षकाची तुलना करतो, फील्डची नाही. म्हणून आधी टॅग आणि स्थितीने नोटा गोळा करायच्या, मग 'फिल्टर' या रन-उपसर्गाच्या (फिल्टरच्या कंसाआधी लिहायच्या शब्दाच्या) आत गेट ऑपरेटरने तारीख काढायची आणि मग स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अक्षरांप्रमाणे, आजच्या तारखेशी तुलना. आजची तारीख 'नाउ' मॅक्रो (विकीतली तयार आज्ञा) देतो. त्याच्या साच्यात महिना आणि दिवसाआधी शून्य लिहा; नाहीतर जुलै '०७' ऐवजी नुसता '७' येईल आणि तुलना चुकेल. तारीखच न टाकलेल्या नोटा आधी 'हॅज' ऑपरेटरने वगळा, कारण रिकामं हे कुठल्याही तारखेपेक्षा लहान ठरतं. त्यांचा मी वेगळा छोटा तक्ता सगळ्यांत वर ठेवते. तारीख न घातलेली तक्रार म्हणजे कुणीच हातात न घेतलेली तक्रार.

तक्रारींबरोबर वर्षाची ठरलेली कामंही याच पद्धतीने लावा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) जानेवारीत आणि जुलैत. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी. प्रत्येक कामाची एक नोट, 'ठरलेलं काम' हा टॅग, तीच तीन फील्डं. फक्त तक्ता वेगळा ठेवा, नाहीतर जूनमध्ये गळतीच्या तक्रारींचा ढीग येतो आणि फॉर्म बी त्याखाली दबतो.

तीनच फील्डं का? स्थिती, पुढची तारीख, शेरा. लोक मला फ्लॅट नंबर, फोन, कंत्राटदार, अंदाजे खर्च, सगळंच तक्त्यात संपादनाला मागतात. दाखवायला माझी ना नाही. पण फ्लॅट नंबर रोज बदलत नाही, आणि जे रोज बदलत नाही ते चुकून बदलण्याचीच शक्यता जास्त. ते साधा मजकूर म्हणून दाखवा, शीर्षकाची लिंक द्या, बदलायचं असेल त्याने नोट उघडावी. शिवाय प्रत्येक अक्षराला पान ताजं होत असल्याने शेकडो ओळी आणि प्रत्येकीत सात चौकटी असा तक्ता जुन्या लॅपटॉपवर अडखळतो. लिमिट ऑपरेटरने पहिल्या तीस-चाळीस ओळी दाखवा; त्याहून जास्त एका बैठकीत कुणी हाताळतही नाही.

फील्डांची नावं मराठीत ठेवली तर चालतील का, असंही तुम्ही विचारलंय. ५.२.० या आवृत्तीपासून चालतात. त्याआधी रोमन लहान अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच चालायची. मी स्वतः फील्डांची नावं रोमनमध्ये आणि त्यांत भरायचा मजकूर मराठीत ठेवते. फिल्टर लिहिताना ऑपरेटर रोमन, फील्ड देवनागरी अशी कीबोर्डची अदलाबदल मला नको वाटते. तक्त्याच्या मथळ्यात 'पुढची तारीख' लिहिलेलं असतंच. हा आवडीचा भाग आहे.

सेव्ह करण्याबद्दल एक गोष्ट मात्र आवडीवर सोडण्यासारखी नाही. एकाच एचटीएमएल फाइलची विकी वापरत असाल तर ऑटोसेव्ह चालू असूनही डॅशबोर्डवरचे बदल आपोआप सेव्ह होत नाहीत. ऑटोसेव्ह जागा होतो तो नोट उघडून, बदलून, बरोबरची खूण दाबल्यावर. तक्त्यातल्या चौकटी ती खूण दाबतच नाहीत. बदल ब्राउझरच्या स्मृतीत बसतो, सेव्हचं चिन्ह लाल होतं आणि पान बंद करताना ब्राउझर विचारतो, तेवढंच. म्हणून डॅशबोर्डच्या वर मी ठसठशीत 'सेव्ह करा' बटण ठेवते आणि 'नोंदवा' बटणातही सेव्हचा संदेश जोडते. नोड-जेएसवर (म्हणजे सर्व्हरवर) चालणारी विकी असेल तर ही काळजी नाही. तिथे बदललेला टिडलर थोड्याच वेळात सर्व्हरवर जातो. नुसत्या ब्राउझरमध्ये दर सेव्हला नवी प्रत डाउनलोड होऊन फोल्डर भरत असेल तर टिडलीडेस्कटॉप (विकीची फाइल थेट सेव्ह करणारं ॲप) घ्या.

मागे जाण्याची सोयही नाही, हे गृहीत धरा. शेरा पुसून नवा लिहिला की जुना गेला. सोसायटीत हे परवडत नाही. 'तुम्ही मला मेमध्ये काय सांगितलं होतं?' हा प्रश्न सर्वसाधारण सभेत येतोच. त्यामुळे शेऱ्याच्या फील्डमध्ये फक्त आजची परिस्थिती ठेवा आणि प्रत्येक बोलण्यासाठी 'पाठपुरावा' अशी वेगळी छोटी नोट बनवा. ओळीतल्या बटणाला ॲक्शन-क्रिएटटिडलर जोडला की ती नोट तयार होते, तिच्या एका फील्डमध्ये मूळ तक्रारीचं शीर्षक बसतं आणि तयार झाल्याची वेळ विकी स्वतः टाकते. मूळ तक्रारीच्या नोटेत असे सगळे पाठपुरावे यादीने दिसतील. आधी सांगितलेलं 'नोंदवा' बटणच हे दुसरं कामही करू शकतं: शेरा बदलायचा आणि त्याची नोंदही पाडायची.

आता खजिनदार. तुम्ही एकटेच लिहिणार असाल तर विकी सोडण्याचं कारण मला दिसत नाही. लांब मजकूर, एकमेकांना जोडलेल्या नोटा आणि वर हा तक्ता, हे एक्सेलमध्ये कुचंबतं. पण चेअरमन, तुम्ही आणि खजिनदार असे तिघं आपापल्या फोनवरून एकाच वेळी लिहिणार असाल, तर खजिनदारांचं म्हणणं जवळपास बरोबर आहे. फक्त फाइल एक्सेलची नको, ऑनलाइन शीट हवी. एकाच फाइलची विकी शेअर केलेल्या ड्राइव्हवर ठेवून तिघांनी उघडली, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याची प्रत राहते आणि बाकी दोघांचं काम जातं. मधला मार्ग म्हणजे लिहिणारे तुम्ही एकटे, आणि बाकीच्यांना आठवड्याला तक्त्याची छापील प्रत. माझ्या ओळखीच्या बऱ्याच कमिट्या यावर खूश आहेत. फोनवरचा तक्ता वाचायला ज्येष्ठ सभासदांना तसाही नको असतो. हिशेब आणि कायद्याने ठेवायच्या नोंदवह्या यांची जागा ही विकी घेणार नाही, हेही खजिनदारांना सांगून टाका. आणि फाइलमध्ये सभासदांचे फोन असतील तर टिडलीविकीचा पासवर्ड लावा; एकाच फाइलच्या विकीत मजकूर त्याने एन्क्रिप्ट होतो. मात्र पासवर्ड विसरलात तर मजकूर परत मिळायचा मार्ग नाही.

शिराज नावाच्या प्लगिनमध्ये तयार डायनॅमिक टेबल मिळतात. वापरायला हरकत नाही, पण पहिला तक्ता हाताने बांधा. ओळ पळाली की कुठल्या फील्डमुळे पळाली, हे मग तुमचं तुम्हाला कळेल.

सुरुवात अशी करा. सध्याचा डॅशबोर्ड तसाच राहू द्या, त्याची नक्कल काढा. नक्कलेत क्रम 'मॉडिफाइड'वरून काढून 'पुढच्या तारखे'वर लावा, स्थितीला सिलेक्ट द्या, ड्राफ्ट वगळायची अट जोडा आणि आठवडाभर वापरून बघा. 'नोंदवा' बटण आणि पाठपुरावा त्यानंतर. तरीही ओळ हललीच तर त्या तक्त्याची फिल्टरची ओळ जशीच्या तशी इथे टाका, आणि विकीची आवृत्तीही लिहा. ती कंट्रोल पॅनलमध्ये पहिल्याच टॅबवर असते.